ऑफिसातला ताण, 'माइंडफुलनेस' आणि आमचा कॅश काउंटर

कॅशटॅली (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या रिजनल ऑफिसातून मेल आला. कर्मचारी स्वास्थ्य सप्ताह, त्यात माइंडफुलनेसचं (म्हणजे मन आत्ताच्या क्षणावर ठेवायच्या सरावाचं) ऑनलाइन सत्र, दुपारी ४ ते ५, सर्वांची हजेरी सक्तीची. बँकेत काम केलेल्यांना ४ ते ५ म्हणजे काय ते सांगायला नको. काउंटर बंद करून रोकड जुळवायची ती वेळ. तालुक्याच्या गावातली शाखा, मंजूर पदं सात, हजर माणसं चार, त्यातला एक डेप्युटेशनवर, म्हणजे दुसरीकडे. मी सिंगल विंडोला, म्हणजे एकाच खिडकीवर सगळी कामं. मॅनेजरसाहेबांनी मोबाइल नोटा मोजायच्या मशीनला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, कान इकडे द्या, हात तिकडे चालू ठेवा."

पडद्यावरच्या बाई फार गोड आवाजात सांगत होत्या. डोळे मिटा, विचार ढगांसारखे येतील, त्यांना जाऊ द्या. माझ्यासमोर ५,००० रुपयांची तूट होती. ती काही ढगासारखी जाईना.

व्हाउचरं तीनदा चाळली, ड्रॉवर उपसला, कचऱ्याचा डबासुद्धा उलटा केला. साडेसहाला माझ्या खात्यातून भरले आणि घरी आले. कॅशियरची चूक कॅशियरने भरायची, ही रीतच आहे.

दुसऱ्या दिवशी सीसीटीव्ही पाहिला. साडेबाराच्या सुमारास एका गृहस्थांशी माझी जुंपली होती. पासबुक प्रिंटर बंद, त्यांना एन्ट्री आत्ताच हवी. जाता जाता जे बोलायचं ते बोलून गेले. त्यांच्या मागच्या माणसाला १०,००० द्यायचे होते. फुटेजमध्ये नोटा मशीनमधून फिरताहेत आणि मी बघतेय दाराकडे. ते गृहस्थ गेले त्या दाराकडे! मनात त्यांना उत्तर देणं चालू होतं, आणि असं झणझणीत उत्तर की प्रत्यक्षात कधी सुचलं नसतं. ५०० च्या २० ऐवजी ३० नोटा गेल्या असणार. त्या माणसाला फोन केला, तो म्हणाला बरोबर मिळाले. मशीनचा आकडा कॅमेऱ्यात दिसत नाही. तेवढ्यावर कुणाला चोर म्हणणार?

तेव्हा आमचे जुने हेडकॅशियर आठवले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एक गिऱ्हाईक गेलं की ते ड्रॉवर बंद करायचे, दोन्ही तळवे काउंटरवर पालथे ठेवायचे, आणि मग "हं, बोला". दोन-तीन सेकंदांचा मामला. आम्ही पोरी त्यांना पाठीमागे 'हँडब्रेक' म्हणायचो. रांग ओरडायची, पण ह्यांची लय काही बदलायची नाही. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं होते, त्यांची रोकड चुकलेली मला आठवत नाही.

आता तीन आठवडे मी तेच करतेय. ड्रॉवर, तळवे, एक श्वास सोडायचा, "बोला". पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा विसरले. पण घरी येताना डोकं जे चेंदामेंदा झालेलं असायचं ते कमी झालंय, हे नवऱ्याने न सांगता ओळखलं.

तर विचारायचं असं, की ह्यालाच माइंडफुलनेस म्हणतात का? तुमच्यापैकी कुणी कामाच्या जागी असं काही करतं का? की सात जणांचं काम तिघांकडून करून घ्यायचं आणि वर श्वास मोजायला सांगायचं, असा हा सगळा प्रकार आहे?

खडूस

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो.

गिरणीत होते माझे वडील. साच्याचा आवाज कानठळ्या बसवणारा. तेव्हा मालक 'मन शांत ठेवा' म्हणाला असता तर युनियनने त्याला गेटवर घोषणा ऐकवल्या असत्या. आता मालक तेच म्हणतो आणि आपण लॉगिन करून ऐकतो.

हिंजवडीकर

खडूसकाका आले, आता धागा शंभरी गाठणार. खुर्ची टाकून बसलोय.

माझा अनुभव. कंपनीने सगळ्यांना एका ध्यानाच्या ॲपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन दिलं. रोज दहा मिनिटं. रोज केलं की स्ट्रीक, म्हणजे न चुकता केलेल्या दिवसांचा आकडा, वाढतो. टीममध्ये कुणाचा किती ह्याची चर्चा कँटीनमध्ये. माझा एकदा १४० च्या पुढे गेला होता. प्रॉडक्शनला इश्यू आला, रात्री पावणेबारापर्यंत कॉलवर, आणि माझं अर्धं लक्ष ह्यात की बारा वाजायच्या आत ध्यान उरकायचंय. कॉल म्यूट करून ध्यान केलं. स्ट्रीक वाचला. ॲप मी दुसऱ्या दिवशी उडवलं.

आमच्या क्षेत्रात हे खूळ तसं जुनं आहे. गूगलमध्ये चेड-मेंग टॅन नावाच्या इंजिनिअरने २००७ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी असा कोर्स सुरू केला, आणि मग 'गूगल करतंय म्हणजे' ह्या न्यायाने सगळीकडे पसरला.

पण एक गोष्ट मात्र मी ठेवलीय. भूमकर चौकातला सिग्नल. तिथे तीन-चार वेळा लाल लागल्याशिवाय सुटका नाही. पूर्वी मी त्या वेळात फोन काढून मेल बघायचो. आता गाडी बंद, हात मांडीवर, खांदे कानाला चिकटलेत का बघायचं. चिकटलेलेच असतात. खाली सोडायचे. मागचा हॉर्न मारतो तो ऐकायचा, आरशात बघून त्याच्या खानदानाचा उद्धार करायचा नाही. शेवटचं सगळ्यात अवघड.

आबा_वाईकर

ताई, तुमच्या हेडकॅशियरांना माझा नमस्कार कळवा.

मी अकाउंट्सचा माणूस, शासकीय सेवेतून निवृत्त. इगतपुरीला धम्मगिरीत १० दिवसांचं विपश्यनेचं (ध्यानाचं) शिबिर दोनदा केलंय. ह्या विषयात हिशेबखात्याचा संबंध किती जवळचा आहे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं म्हणून लिहितो.

ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंकाजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते त्या पदावर आले. मठात राहणारा साधू नव्हे, फायली, ऑडिट पॅरा आणि वेळेवर न येणारे कारकून ह्यांच्यात बसलेला माणूस. त्यांनी आपल्या कचेरीतल्याच लोकांना विपश्यना शिकवायला सुरुवात केली. रंगूनचं त्यांचं केंद्र १९५२ चं, म्हणजे कचेरीतली शिकवणी आधी आणि केंद्र नंतर. तेव्हा हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

दुसरी गोष्ट गोएंकाजी स्वतः सांगत. ते मंडालेत जन्मलेले, बडे व्यापारी. अर्धशिशीने हैराण होते. मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ मध्ये ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले. गुरूंनी विचारलं, कशासाठी आलास? डोकेदुखी बरी व्हायला. मग मी तुला घेणार नाही, म्हणाले. मन निर्मळ करायला येणार असशील तर ये, डोकेदुखी गेली तर ती वरकड. तुमच्या रिजनल ऑफिसवाल्यांना हे सांगायला हवं. 'उत्पादकता वाढावी म्हणून' असं त्या मेलमध्ये कुठे तरी लिहिलेलं असणारच.

शिबिराबद्दल: पहाटे ४ ला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, मोबाइल जमा, बोलणं बंद. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघणे. तो मुद्दाम लांबवायचा नाही की अडवायचा नाही. दुसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं.

मँचेस्टरची_मावशी

खडूसदादा, तुमच्या बाजूने पुरावा आणलाय, पण निम्माच.

इथे ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून विल्यम फ्लेमिंग ह्यांचा निबंध २०२४ मध्ये आला. माइंडफुलनेसचे वर्ग, ताण-व्यवस्थापनाची प्रशिक्षणं, वेलबीइंग ॲपं, असलं काही घेणारे आणि न घेणारे ह्यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. अपवाद एकच निघाला, स्वयंसेवेचा, म्हणजे ऑफिसच्या वेळात समाजोपयोगी काम करायला मिळणं. आता ही एका वेळची पाहणी आहे, दोन गट पाडून केलेला प्रयोग नव्हे. मुळात जास्त ताणातलेच लोक वर्गाला जात असतील, हा आक्षेप राहतोच. पण आमच्या एचआरच्या बाईंना मी तो निबंध पाठवला तेव्हा आठ दिवस उत्तर आलं नाही, मग एक स्मायली आला.

इथल्या सरकारी सुरक्षा खात्याने (एचएसई) कामाच्या ताणाची सहा कारणं ठरवून दिलीत: कामाचा बोजा, कामावर स्वतःचा ताबा किती, आधार, आपसातले संबंध, आपली भूमिका नेमकी काय, आणि बदल कसे लादले जातात. सहाच्या सहा गोष्टी कामात आहेत, माणसाच्या डोक्यात एकही नाही. मला ही यादी फार आवडते.

खडूस

मावशी, चहा माझ्याकडून.

मनोडॉक

मानसोपचार माझा व्यवसाय आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. हो, ह्यालाच म्हणतात. श्वास सोडण्यावर तुम्ही भर दिलात तेही बरोबर आहे. मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून बघा. श्वास घेताना नाडी किंचित वेग घेते, सोडताना मंदावते. हे व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं काम. भांडण झाल्यावर ॲड्रिनलिन वाढलेलं असतं, छाती धडधडते, नजर आणि मन त्या भांडणालाच चिकटतं. मेंदूच्या दृष्टीने तो गृहस्थ अजून समोरच उभा आहे. लांब उच्छ्वासाने शरीराला निरोप जातो की गेला तो. तळव्यांना काउंटरचा गार स्पर्श, हाही त्याच कामाचा.

आजचं वैद्यकीय माइंडफुलनेस मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ मध्ये जॉन कबात-झिन ह्यांनी सुरू केलं. पहिले रुग्ण जुनाट दुखण्याचे होते, डॉक्टरांनी 'आता ह्याच्यासह जगा' म्हणून सोडलेले. आठ आठवडे, आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, शिवाय घरी रोज पाऊण तास. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना हा कोर्स दिला आणि निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही चिंतेवरची गोळी. आठ आठवड्यांनी दोन्हीकडे सुधारणा जवळपास सारखी होती. (कृपया हे वाचून कुणी चालू गोळी बंद करू नका. दर महिन्याला एक तरी रुग्ण असा येतो.)

गंमत अशी, की पाऊण तास रोज ह्या मात्रेवर सिद्ध झालेलं औषध कंपन्या वर्षातून एकदा, तासभर, तेही नोटा मोजता मोजता देतात, आणि नाव मात्र तेच लावतात.

तिसरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आपल्या वर्गीकरणात केली ती आजार म्हणून नाही, 'व्यवसायाशी निगडित स्थिती' म्हणून. कायमचा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना, अशी तीन लक्षणं. कामातून उपजलेल्या गोष्टीवर कामात बदल न करता श्वासाचा उपाय सांगणं म्हणजे गळक्या छताखाली बसलेल्याला टॉवेल देणं. टॉवेल वाईट नाही, मी स्वतः रोज लिहून देतो. पण छत कुणाचं, हे विचारायचं राहून जातं.

आबांना एक पुस्ती. दीर्घ मौनशिबिरं सगळ्यांना मानवत नाहीत. पूर्वी तीव्र मानसिक आजार, मोठा आघात झालेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, तिथे खरं लिहा. आणि इथलं कुणी 'आता सहन होत नाही' ह्या टोकाला आलं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

नाइटशिफ्ट

वाचतेय दोन दिवस, आज डे-ऑफ आहे म्हणून लिहिते. मी आयसीयूत स्टाफ नर्स. निकष एका पेशंटला एक नर्स असा आहे. आमच्याकडे रात्री एकीला तीन.

माझा 'हँडब्रेक' म्हणजे हँडरब, हातांना चोळायचं सॅनिटायझर. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात चोळायचेच असतात, २० ते ३० सेकंद. आधी मी ते चोळता चोळता चालायचे, चालता चालता मॉनिटर बघायचे, पुढच्याचं इन्फ्यूजन संपलंय का ते डोक्यात. आमच्या सिस्टर इनचार्जनी एकदा अडवलं. म्हणाल्या, उभी राहा आणि नीट चोळ, अंगठे राहतात तुझे. इन्फेक्शनसाठीच सांगितलं होतं त्यांनी. पण उभं राहायला लागले तेव्हा कळलं, की दिवसभरात ही वीस सेकंदं मला कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. डॉक्टर नाही, नातेवाईक नाही, मेट्रन नाही. नियमातच आहेत. पेशंट गेल्यानंतरसुद्धा पुढच्या बेडकडे जायच्या आधी तेवढंच मिळतं. कधी कधी डोळ्यांत पाणी येतं, तर येतं. अंगठे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. मग पुढचा बेड.

तीनास एक हे चूकच आहे, त्यावर आम्ही निवेदन दिलंय. पण निवेदनाला उत्तर येईपर्यंत मला ड्युटी करायचीय.

खडूस

सिस्टर, तुमच्यापुढे माझं काही म्हणणं नाही.

शब्दवेडा

जरा अवांतर. 'माइंडफुलनेस'ला सगळे 'सजगता' म्हणतात, मला तो शब्द वॉचमनच्या पाटीवरचा वाटतो. मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे आपली स्मृती, आठवण. काय आठवायचं, तर आत्ता आपण कुठे आहोत ते. त्याला मराठीत लखलखीत शब्द आहे: भान. भान हरपलं, भानावर ये, वेळेचं भान ठेव. आजीने पाठीत धपाटा घालून शिकवलेली गोष्ट आहे ही. 'अवधान'ही चालेल, ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. पण अवधान कुणाकडे तरी द्यायचं असतं, भान आपलं आपल्यालाच असतं.

हिंजवडीकर

म्हणजे पुढच्या अप्रेझलला 'भानावर आहे' असं लिहून देतो.

आबा_वाईकर

डॉक्टरांची सूचना रास्त. ताई, तुम्ही एकदा इगतपुरीला जाऊन याच. शासनाच्या नोकरीत विपश्यनेसाठी रजेची सोय आहे, बँकेत कसं असतं?

कॅशटॅली (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मध्ये लाडक्या बहिणींचा हप्ता जमा झाला होता. दोन दिवस रांग रस्त्यापर्यंत. ज्यांनी ती रांग शाखेच्या आतून पाहिलीय त्यांनाच कळेल. २०२४ च्या ऑगस्टमधली पहिली लाट त्याहून मोठी होती, त्या आठवड्यात मी डबा एकदाही पूर्ण खाल्ला नव्हता.

आबा, आमच्याकडे रजेचा विनोदच आहे. ट्रेझरी, करन्सी चेस्ट (आरबीआयच्या रोकडीची तिजोरी) अशा संवेदनशील जागांवर असणाऱ्यांना आरबीआयने २०२१ पासून वर्षातून सलग १० कामाचे दिवस सक्तीची रजा ठेवलीय, त्या काळात कामाच्या यंत्रणेला हात लावायचा नाही. दहा दिवस, कामाशी संबंध बंद, अगदी तुमच्या शिबिरासारखं! पण ती घोटाळा उघडा पडावा म्हणून, त्यामुळे आगाऊ न सांगता देतात. इगतपुरीचं बुकिंग करणार कसं? आणि मी साधी काउंटरवाली, मला तीही नाही.

नाइटशिफ्ट, तुमचं वाचून मी एक बदल केला. माझे तळवे टेकवणं मी चोरून करत होते, रांगेला दिसू नये म्हणून. आता उघड करते. एक म्हातारे खातेदार विचारत होते, मॅडम नमस्कार करता का काउंटरला? म्हटलं, हो.

रोज जमतं असं नाही. लिंक गेली की सगळं कोलमडतं. परवा लिंक पाऊण तास नव्हती, एक जण काचेवर मूठ आपटून गेला, आणि मी तळवे टेकवून मनातल्या मनात त्याला काय काय म्हणत होते ते इथे लिहिलं तर संपादक मंडळ धागा उडवेल. पण निदान म्हणतेय हे कळत होतं. आणि पुढच्याचे पैसे दोनदा मोजले.

खडूसकाका, सत्राचा फीडबॅक फॉर्म आला होता. पाचपैकी गुण द्या आणि सूचना लिहा. मी पाचपैकी चार दिले, बाईंचा आवाज खरंच छान होता. सूचनेत लिहिलं की सत्र सकाळी दहाच्या आत ठेवावं, आणि शाखेला एक क्लार्क द्यावा. मावशींची सहा कारणंही खाली उतरवून काढली. मॅनेजरसाहेबांनी वाचून "पाठवू का खरंच?" असं विचारलं आणि पाठवलं.

खडूस

उत्तर आलं का?

कॅशटॅली (धागाकर्ती)

आलं ना. सहभागाचं प्रमाणपत्र, पीडीएफमध्ये. आडनाव चुकवलंय.

क्लार्कसाठी युनियनच्या सेक्रेटरींनी वेगळं पत्र द्यायला सांगितलंय, रोजच्या व्हाउचरांची संख्या जोडून. तीन महिन्यांचे आकडे काढत बसलेय. उद्या सोमवार, त्यात दुसरा शनिवार जोडून सुट्टी झालेली. झोपते आता.